टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी: रसायनशास्त्रासाठी किती कामाची?

‘जगातल्या टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी’ दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास नव्याने येते आणि बडोद्यात कलाभवनपासून (म्हणजे विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेपासून) सायन्स फॅकल्टीपर्यंत एकच प्रश्न फिरतो: आपल्यातलं कोण आहे, कितव्या नंबरावर? नंबर सांगायला सोपा, म्हणून तोच पुढे जातो. पण रसायनशास्त्रातल्या माणसाची पारख करायला या फाईलमधला सगळ्यात कमी कामाचा कॉलम तोच आहे. त्याच फाईलमध्ये उजवीकडे सरकत गेलं की आठ-दहा कॉलम असे सापडतात, जे गाईड निवडणाऱ्या विद्यार्थ्याला, निवड समितीवर बसलेल्याला आणि स्वतःचं प्रोफाईल तपासणाऱ्या प्राध्यापकाला खरोखर उपयोगी पडतात. हे परीक्षण मुख्यतः त्या कॉलमांचं आहे.

आधी नावाचा घोळ. हिला सर्रास ‘स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीचं रँकिंग’ म्हणतात. ही यादी स्टॅनफर्डमधले जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी तयार करतात, माहिती एल्सव्हियर या प्रकाशन कंपनीच्या स्कोपस या डेटाबेसमधून येते आणि फाईलही एल्सव्हियरच्याच डेटा संग्रहात ठेवलेली असते. विद्यापीठाने दिलेला हा सन्मान नव्हे. यादीत येण्यासाठी अर्ज नाही, फी नाही. ‘तुमची निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा’ अशी ईमेल आली, तर ती या यादीची नाही, एवढं पक्कं धरावं.

‘दोन टक्के’ हा शब्दही नीट समजून घ्यायला हवा. किमान पाच पेपर असलेले लेखक आधी मोजायला घेतात. त्यांतून सर्व विषय मिळून पहिल्या एक लाखात असलेले, किंवा आपापल्या उपशाखेत वरच्या दोन टक्क्यांत असलेले, असे दोन्ही गट यादीत येतात. म्हणून कुणाचा जागतिक क्रमांक लाखाच्या पुष्कळ पुढे असूनही नाव यादीत असतं. त्यात चूक काही नाही; तो माणूस उपशाखेच्या दारातून आत आलेला असतो. अशा वेळी जागतिक क्रमांक छापण्याला काहीच अर्थ उरत नाही, उपशाखेतला क्रमांक छापायला हवा.

फाईल उघडण्याबद्दल थोडं. दरवर्षी दोन मुख्य फाईली असतात: एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी एका वर्षाची. प्रत्येकीत दोन लाखांहून जास्त ओळी आहेत, त्यामुळे मोबाईलवर उघडायच्या भानगडीत पडू नये. कॉम्प्युटरवर एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघडावी, पहिली ओळ गोठवून ठेवावी आणि फिल्टर लावावा. देशाच्या कॉलममध्ये भारतासाठी तीन अक्षरी संकेत आहे, तो आधी निवडला की फाईल हलकी होते. मग संस्थेच्या कॉलममध्ये ‘बडोदा’ आणि ‘सयाजीराव’ हे दोन शब्द रोमन लिपीत वेगवेगळे शोधावेत, आणि शहरातल्या इतर संस्थांसाठी ‘वडोदरा’ही. फक्त एकच शब्द शोधला तर काही जण सुटण्याची शक्यता असते. संस्थेचं नाव स्कोपसमधल्या अलीकडच्या पत्त्यावरून घेतलेलं असतं, त्यामुळे आयुष्यभर इथे काम करून निवृत्तीनंतर दुसरीकडे गेलेला माणूस दुसऱ्याच संस्थेच्या नावावर दिसतो.

एका वर्षाच्या फाईलबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. त्या वर्षी लिहिलेल्या पेपरांवर ती आधारलेली नाही. आजवरच्या सगळ्या पेपरांना त्या एका वर्षात मिळालेली सायटेशन, म्हणजे इतर पेपरांनी केलेले त्यांचे उल्लेख, तिच्यात मोजतात. वीस वर्षांपूर्वी लिहिलेला रिव्ह्यू (आधी झालेल्या कामाचा आढावा घेणारा पेपर) आजही लोक उद्धृत करत असतील, तर गेल्या पाच वर्षांत लॅबचं दार न उघडलेला माणूसही तिथे दिमाखात दिसेल. उलट कारकिर्दीच्या फाईलमध्ये पेपर १९६० पासूनचे धरतात, पण सायटेशन १९९६ पासूनचीच. त्यामुळे १९७० च्या दशकात ज्यांच्या कामाचा बोलबाला होता, त्यांना तेव्हा मिळालेली सगळी सायटेशन हिशेबाबाहेर राहतात. जुन्या पिढीची नव्या पिढीशी तुलना या फाईलवरून करू नये.

आता मूळ यंत्राकडे येऊ. क्रमांक ठरतो तो ‘सी’ नावाच्या एका एकत्रित गुणावरून. त्यात सहा घटक आहेत: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येनुसार सुधारलेला एचएम-इंडेक्स, एकट्याने लिहिलेल्या पेपरांची सायटेशन, एकट्याने किंवा पहिला लेखक म्हणून लिहिलेल्या पेपरांची सायटेशन, आणि एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखक असलेल्या पेपरांची सायटेशन. प्रत्येक घटकात एक मिळवून त्याचा लॉग (लॉगॅरिदम) घ्यायचा, त्याच घटकातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या तशाच लॉगने भागायचं, आणि सहाही उत्तरांची बेरीज करायची. प्रत्येक घटकाला जास्तीत जास्त एक, म्हणजे एकूण कमाल सहा.

एच-इंडेक्स होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला. वीस पेपर असे, की प्रत्येकाला किमान वीस सायटेशन, तर एच वीस. एचएममध्ये प्रत्येक पेपर लेखकांमध्ये वाटला जातो. कुणाचे वीसच पेपर आहेत, प्रत्येकावर चार लेखक आहेत आणि प्रत्येकाला वीसहून जास्त सायटेशन आहेत, असं धरू. एच वीस, पण प्रत्येक पेपर पाव धरल्यावर वीस पेपरांचे पाच होतात, म्हणून एचएम पाच. रसायनशास्त्रात चार-पाच लेखक ही रोजची गोष्ट आहे, त्यामुळे या कॉलममध्ये आपल्याकडची मंडळी एकदम खाली येतात. घाबरायचं कारण नाही, जगभरातल्या रसायनवाल्यांचं तेच होतं.

खरी मेख लॉगमध्ये आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल धरू. समजा एकूण सायटेशनचा जागतिक कमाल आकडा ९९,९९९ आहे. त्यात एक मिळवला की एक लाख, त्याचा लॉग पाच. आता ज्याची सायटेशन ९९९ त्याला तीन भागिले पाच, म्हणजे ०.६. ज्याची ९,९९९ त्याला चार भागिले पाच, ०.८. दहापट सायटेशन आणि या घटकातला फरक फक्त ०.२. आता एकट्याने लिहिलेल्या पेपरांचा कमाल आकडा ९,९९९ धरा, लॉग चार. ज्याचा असा एकही पेपर नाही त्याला शून्य. ज्याने एकट्याने एक छोटा रिव्ह्यू लिहिला आणि त्याला नऊ सायटेशन मिळाली, त्याला एक भागिले चार, म्हणजे ०.२५. एका घटकात दहापट मजल मारून जे मिळत नाही, ते दुसऱ्यात नऊ सायटेशनांनी मिळतं. शिवाय एकट्याच्या पेपरची सायटेशन पुढच्या दोन घटकांतही धरली जातात, म्हणजे फायदा तिहेरी.

हे गणित एकदा हाताने करून पाहावंच. फाईलच्या सोबत जो कमाल आकड्यांचा छोटा तक्ता येतो, त्यात सहाही घटकांचे खरे कमाल लॉग दिलेले आहेत. ज्याचं नाव यादीत नाही, त्याचाही ‘सी’ त्यावरून काढता येतो. उपशाखानिहाय उंबरठ्यांचा आणखी एक तक्ता असतो, त्याच्याशी तो ताडून पाहावा. वर्तमानपत्रात नाव येण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी आहे, कारण कुठल्या घटकात शून्य आहे ते लगेच दिसतं.

या रचनेत रसायनशास्त्रातल्या कुणाचं भलं होतं आणि कुणावर अन्याय? सैद्धांतिक रसायनवाले आणि रिव्ह्यू लिहिणारे फायद्यात. सिंथेसिस करणारे तोट्यात, कारण बारा पायऱ्यांचा रेणू एकट्याने बांधून एकट्याच्या नावावर पेपर काढणारा माणूस आज सापडणं अवघड. सगळ्यात मोठा फटका बसतो तो स्फटिक-रचना सोडवून देणाऱ्याला. दुसऱ्यांच्या पन्नास पेपरांवर त्याचं नाव मधोमध असतं. ती सायटेशन त्याच्या एकूण आकड्यात, एचमध्ये आणि एचएममध्ये येतात, पण लेखकाच्या जागेवर अवलंबून असलेल्या तिन्ही घटकांत त्याच्या पदरी काही पडत नाही. एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीची यंत्रं सांभाळणाऱ्यांचंही तेच. ज्याच्याशिवाय विभागाचा एकही पेपर छापून येणार नाही, तो माणूस यादीत नसतो. यादीची ही मोठी उणीव आहे आणि समित्यांनी ती स्वतःहून भरून काढली पाहिजे.

उलट टोकाचं उदाहरणही स्फटिकशास्त्रातलंच. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी ‘शेलेक्स’ या आपल्या प्रोग्रॅमचा छोटा इतिहास २००८ मध्ये ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ‘ए’ विभागात एकट्याच्या नावाने लिहिला. प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी हाच पेपर उद्धृत करावा अशी त्यात सोय होती, आणि जगभरात रचना सोडवणारे तो प्रोग्रॅम वापरतच होते. परिणाम असा, की त्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे दर पेपरमागची सरासरी सायटेशन, २००८ मध्ये २.०५१ होता, तो २००९ मध्ये ४९.९२६ झाला. एका पेपरमुळे. काम अस्सल आणि अमोल होतं यात शंका नाही. पण सरासरीवर आणि बेरजेवर चालणारे मापदंड एका पद्धत-पेपरने कसे हलतात, हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही. कुणाचाही आकडा मोठा दिसला की आधी त्याचे सर्वाधिक सायटेशनचे तीन पेपर उघडून पाहावेत. मूळ संशोधन आहे, पद्धत आहे, की रिव्ह्यू? तिन्हींची किंमत आहे, पण वेगवेगळी. यादी मात्र त्यांत फरक करत नाही.

लेखकाच्या जागेबद्दल इथल्या विद्यार्थ्यांनी आणि गाईडनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नावापुढचा तारा, म्हणजे करस्पाँडिंग ऑथर असणं, या सूत्रात कुठेच मोजलं जात नाही. आपल्याकडे काही गटांत विद्यार्थी पहिला, गाईड दुसरा आणि मदत करणारा तिसरा अशी पद्धत आहे. त्यात गाईडची जागा मधली ठरते आणि त्याचा तिथला सगळा वाटा जातो. रसायनशास्त्राची जागतिक रीत गाईड शेवटी अशी आहे. यादीसाठी नावं फिरवू नयेत, पण आकडा कमी का दिसतो याचं कारण बऱ्याचदा हेच निघतं.

आता उपशाखा. यादी २२ शाखा आणि १७४ उपशाखांमध्ये विभागलेली आहे, आणि रसायनशास्त्राच्या वाट्याला सात उपशाखा आल्या आहेत: ॲनॅलिटिकल, जनरल, इनऑरगॅनिक व न्यूक्लिअर, मेडिसिनल व बायोमॉलिक्युलर, ऑरगॅनिक, फिजिकल आणि पॉलिमर. विभागणी माणसाच्या पदवीवरून किंवा विभागाच्या पाटीवरून होत नाही. पेपर ज्या नियतकालिकात आला त्यावरून होते. त्यामुळे चांगले ऑरगॅनिक पेपर सगळ्या रसायनशास्त्रासाठी असलेल्या नामांकित नियतकालिकांत देणारा माणूस ‘जनरल केमिस्ट्री’त जाऊन बसतो. रंगाच्या कारखान्यातलं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या पदार्थांवर काम करणारा केमिकल इंजिनिअरिंगमध्ये किंवा पर्यावरणात दिसतो. नॅनोकण बनवणारा रसायनशास्त्राच्या शाखेतच नसतो, तो ‘नॅनोसायन्स’ किंवा ‘मटेरियल्स’मध्ये, म्हणजे तंत्रज्ञानाच्या शाखेत सापडतो. म्हणून केमिस्ट्रीचा फिल्टर लावून ‘आपल्याकडून तिघेच’ असा निष्कर्ष काढला, तर तो हमखास चुकतो. आधी संस्थेवरून गाळावं, मग एकेकाची उपशाखा पाहावी.

बडोद्याच्या वाचकाला हे पटायला घरचंच उदाहरण आहे. वेंकटरामन रामकृष्णन यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ मध्ये बीएस्सी केली, तीही भौतिकशास्त्रात. २००९ चं नोबेल त्यांना थॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांच्याबरोबर मिळालं ते रसायनशास्त्राचं, आणि काम होतं रायबोसोमच्या रचनेवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या यंत्रावर. अशा माणसाला ऑरगॅनिक-इनऑरगॅनिकच्या चाळणीत शोधत बसण्यात अर्थ नाही.

उपशाखा ठरली की भागाकार करावा. फाईलमध्ये उपशाखेतला क्रमांक आहे आणि त्या उपशाखेत एकूण किती लेखक धरले तो आकडाही आहे. पहिल्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणलं की टक्केवारी मिळते, आणि तुलना करायची तर तिचीच करावी. पॉलिमरमधला पाचशेवा आणि मेडिसिनलमधला पाचशेवा सारखे नाहीत, कारण मागे उभी असलेली रांग सारखी नाही. सायटेशनची सवयही शाखेशाखेत वेगळी आहे. बॅटरी आणि सौरघटाच्या पदार्थांवरच्या पेपरला वर्षभरात जेवढी सायटेशन मिळतात, तेवढी नैसर्गिक पदार्थाच्या संश्लेषणावरच्या उत्तम पेपरला अनेक वर्षांतही मिळत नाहीत. काम हलकं आहे म्हणून नव्हे, तर त्या वाटेने जाणारे लोकच थोडे आहेत म्हणून.

आता सगळ्यात जास्त चुका जिथे होतात तिथे येऊ: नावं. स्कोपस प्रत्येक लेखकाला एक क्रमांक देतो आणि आडनाव, आद्याक्षरं, पत्ता, विषय, सहलेखक यांवरून पेपर कुणाचे ते ठरवतो. आपली नावं या यंत्राला जड जातात. बडोद्यात गायकवाड हे आडनावच रोमन लिपीत निदान तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. मधलं नाव कधी पूर्ण, कधी आद्याक्षर, कधी गायब. एका पेपरवर पत्ता ‘एम. एस. युनिव्हर्सिटी’, दुसऱ्यावर पूर्ण नाव, तिसऱ्यावर फक्त विभाग. लग्नानंतर आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदललेल्या संशोधक स्त्रीचं काम तर हटकून दोन प्रोफाईलमध्ये फाटतं: पीएचडीचे पेपर माहेरच्या नावावर, नंतरचे सासरच्या. दोन्हींचा एच वेगवेगळा निघतो आणि दोन्ही मिळून जो झाला असता त्याच्या जवळपासही पोचत नाही. यादीत यायला हवी होती अशी व्यक्ती बाहेर राहण्याचं हे फार मोठं कारण आहे.

उलटा घोळ एकत्रीकरणाचा. ‘जोशी, एस.’ आणि ‘पटेल, ए.’ या नावांचे किती संशोधक असतील याची कल्पना करा. दोघांचे पेपर एका क्रमांकाखाली गेले की आकडा फुगतो आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. ओळखायच्या खुणा अशा: पहिल्या पेपरचं वर्ष त्या माणसाच्या एमएस्सीच्या आधीचं असणं, सर्फॅक्टंटवर काम करणाऱ्याच्या नावावर बालरोगाचे पेपर असणं, आणि दोन उपशाखांचा एकमेकींशी काडीचा संबंध नसणं. फाईलमध्ये पहिलं वर्ष, शेवटचं वर्ष, पहिली व दुसरी उपशाखा आणि प्रत्येकीचा वाटा हे सगळं आहे, त्यामुळे संशय आला की दोन मिनिटांत खात्री करता येते.

दुरुस्ती यादी करणाऱ्यांकडे होत नाही, स्कोपसमध्ये करावी लागते आणि ती मोफत आहे. लेखक शोधून आपले सगळे तुटक प्रोफाईल निवडायचे, एकत्र करण्याची विनंती करायची, पसंतीचं नाव ठरवायचं, मग पेपरांची यादी एकेक करून तपासायची, दुसऱ्याचे असतील त्यांवर ‘माझा नाही’ अशी खूण करायची आणि पाठवायचं. नावांच्या किती तऱ्हांनी शोधायचं ते आधी कागदावर लिहून काढावं. अर्धवट शोधून पाठवलं की पुन्हा सगळं करावं लागतं. जोडीला ऑर्किड हा संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक काढून तो स्कोपसला जोडावा आणि यापुढे प्रत्येक पेपरवर नाव व पत्ता अक्षरशः एकसारखा लिहावा. दुरुस्ती लागू व्हायला काही आठवडे जातात. २०२४ ची यादी स्कोपसच्या १ ऑगस्टच्या स्थितीवरून काढली होती, तेव्हा हे काम मे-जूनपर्यंत उरकलेलं बरं. सप्टेंबरमध्ये यादी पाहून धावपळ केली तर त्या वर्षी उपयोग शून्य.

सेल्फ सायटेशनचा कॉलम प्रत्येकाने पाहावा, पण समजून. इथे ‘सेल्फ’ म्हणजे स्वतःचं आणि सहलेखकांचंही. तुमच्याबरोबर पेपर लिहिलेला विद्यार्थी पुढे दुसरीकडे गेला आणि त्याने तोच पेपर उद्धृत केला, तर तेही सेल्फमध्येच जातं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीत या टक्केवारीचा मध्यक १२.७ होता. रसायनशास्त्रात एखादी संयुगांची मालिका दहा वर्षं चालते आणि प्रत्येक पेपरमध्ये आधीची कृती उद्धृत करावीच लागते, त्यामुळे वीस टक्के दिसले म्हणून नाक मुरडू नये. चाळीसच्या वर गेले की मात्र विचारायला हवं. फाईलमध्ये प्रत्येक मोजमाप दोनदा दिलंय, सेल्फ धरून आणि वगळून. वगळलेलंच वापरावं. दोन क्रमांकांत मोठी दरी असेल तर ती दरी हीच माहिती.

याहून तीक्ष्ण कॉलम आहे ‘सीपीरॅट’, आणि त्याकडे कुणी फिरकतही नाही. एकूण सायटेशनला उद्धृत करणाऱ्या वेगवेगळ्या पेपरांच्या संख्येने भागलेला हा आकडा. तीनशे सायटेशन अडीचशे वेगवेगळ्या पेपरांतून आली, तर १.२. तीच तीनशे फक्त पंचाहत्तर पेपरांतून आली, तर ४. म्हणजे प्रत्येक पेपरने या माणसाचे सरासरी चार पेपर एका दमात उद्धृत केले. अगदी छोट्या विषयात असं प्रामाणिकपणेही होऊ शकतं. पण सेल्फ कमी आणि हा आकडा चढा, असं दिसलं तर आपापसांत सायटेशनची देवाणघेवाण चालली आहे का हे पाहिलंच पाहिजे. २०२४ पासून मागे घेतलेल्या पेपरांचा कॉलमही आला आहे. एखादा पेपर प्रामाणिक चुकीमुळेही मागे घेतला जातो, तेव्हा नुसता आकडा वाचून थांबू नये, मागे घेतल्याची सूचना उघडून कारण वाचावं.

बाकीच्या सेवांबद्दल थोडक्यात. सायटेशनची माहिती पुरवणाऱ्या क्लॅरिव्हेट या कंपनीची ‘हायली साइटेड रिसर्चर्स’ यादी पद्धतीने जास्त कडक आहे: त्याच शाखेतल्या, त्याच वर्षीच्या पेपरांत सायटेशनने वरच्या एक टक्क्यात बसलेले पेपरच ती मोजते. त्यामुळे जुना-नवा हा भेद बराच मिटतो. तिच्यात क्रमांक नसतात, हे तिचं सगळ्यात चांगलं लक्षण. वर्षाला जगभरातून सात हजारांच्या आसपासच नावं, म्हणून शहरातल्या शहरात निवड करायला तिचा उपयोग होत नाही.

याच घराण्याची जुनी यादीही पाहण्यासारखी आहे. २०११ हे आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र वर्ष होतं. त्या निमित्ताने थॉमसन रॉयटर्सने २००० ते २०१० या काळातले शंभर अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञ प्रसिद्ध केले, तेही एकूण सायटेशनवर नव्हे, तर दर पेपरमागच्या सायटेशनवर. पहिले चार्ल्स लीबर, दुसरे ओमर याघी. याघींना २०२५ चं नोबेल मिळालं, सुसुमु कितागावा आणि रिचर्ड रॉबसन यांच्याबरोबर, धातू-सेंद्रिय जाळ्यांसाठी. दर पेपरमागचा हिशेब भरमसाट पेपर काढणाऱ्याला मदत करत नाही, आणि रसायनशास्त्रासाठी मला तो आजही जास्त न्याय्य वाटतो.

गूगल स्कॉलर मोफत आहे आणि सगळं गोळा करतं: प्रबंध, परिषदांचे लेख, पेटंट. त्यामुळे तिथला एच स्कोपसपेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त असतो. एकाचा स्कॉलरचा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा आकडा शेजारी ठेवून तुलना करणं ही समित्यांमधली नेहमीची चूक आहे. स्कॉलर आपोआप पेपर जोडतं, आणि ते दुसऱ्याचे असले तरी मालकाने काढल्याशिवाय निघत नाहीत. एखाद्या प्रोफाईलमध्ये भलत्याच विषयाचे पेपर दिसले, तर ते महिनोन्महिने उघडलेलं नाही असं समजावं. ओपनॲलेक्स हा पेपर-सायटेशनचा डेटाबेस २०२२ मध्ये सुरू झाला, पूर्ण खुला आहे आणि मोठा हिशेब स्वतः करायचा असेल तर उत्तम, पण नावांचा घोळ तिथेही तपासूनच घ्यावा लागतो.

या सगळ्यांतून एक मोठा वर्ग पूर्ण निसटतो, आणि तो बडोद्यात भरपूर आहे. त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी १९०७ मध्ये अलेम्बिक उभी केली तेव्हापासून या शहरात रसायनशास्त्र कारखान्यात घडतंय: औषधं, खतं, पेट्रोकेमिकल, नंदेसरीतली मध्यवर्ती संयुगं. एखाद्या अभिक्रियेचा उतारा ६८ वरून ८१ टक्क्यांवर नेणारा, धोकादायक द्रावक काढून टाकणारा प्रोसेस केमिस्ट पेपर लिहीत नाही. फार तर पेटंटवर त्याचं नाव असतं. पेटंटांना या यादीत जागा नाही. कारखान्यातून विद्यापीठात आलेल्या अध्यापकाची पारख या फाईलवरून केली, तर ती सरळसरळ चुकीची ठरेल.

पीएचडीसाठी गाईड शोधणाऱ्याने ही फाईल वापरायची ती अशी. कारकिर्दीची फाईल उघडा, सेल्फ वगळलेले कॉलम घ्या, उपशाखेतली टक्केवारी काढा, सीपीरॅट आणि मागे घेतलेले पेपर पाहा. इथवर दहा मिनिटं. मग फाईल बंद करून स्कॉलरवर त्या गाईडचे गेल्या पाच वर्षांतले पेपर काढा, रिव्ह्यू बाजूला ठेवा आणि प्रत्येकावरचा पहिला लेखक लिहून काढा. त्यात विद्यार्थ्यांची वेगवेगळी नावं किती? एखादं नाव पहिल्यांदा कुठल्या वर्षी दिसतं आणि त्या विद्यार्थ्याचा प्रबंध कुठल्या वर्षी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला? दोन-तीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे पाहिलं की त्या लॅबमध्ये पीएचडीला किती वर्षं लागतात आणि पहिला लेखक व्हायची संधी कुणाला मिळते, ते स्पष्ट होतं. यादीत नाव नसलेल्या गाईडसाठीही हेच करा, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून मग ईमेल लिहायला घ्या.